गाडी दोन बोटे खाली येते तेव्हा...

युरोपात जुन्या मोटारींचा मेळा भरला, की एक दृश्य हमखास दिसते. चाळीस-पन्नास वर्षांची, चौकोनी घाटाची छोटीशी गाडी. चाके वरच्या कमानीत शिरलेली, पोट जमिनीला टेकते की काय असे वाटावे इतके खाली. तरुण पोरांच्या डोळ्यांत कौतुक आणि शेजारी उभ्या जुन्याजाणत्या मेकॅनिकच्या कपाळाला आठी! गंमत अशी, की दोघांचेही बरोबर असते.

अशा गाड्यांना ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. मागे वर उचलायचे दार असलेली साधी घरगुती मोटार, पण बॉनेटखाली दमदार इंजिन. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयचे नाव घेतले जाते. कंपनीतल्या काही इंजिनिअरांनी सुरुवातीला तिचे काम चक्क गुपचूप चालवले होते. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि १९७६ मध्ये विक्रीला. १६०० सीसीचे इंजिन, ११० अश्वशक्ती, ताशी १८२ किलोमीटर वेग. बेत फक्त ५,००० गाड्यांचा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर निघाल्या. आतले चौकड्यांचे सीटकापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिलिएक्विस्ट या डिझायनर बाईंची कल्पना. ऑस्ट्रियात वोर्थरझे सरोवराच्या काठी १९८२ पासून जीटीआयवाल्यांची जत्राच भरू लागली आणि तिथल्या राइफ्निट्झ गावात १९८७ साली ग्रॅनाइटची अख्खी जीटीआय उभी राहिली. गाडी खाली बसवण्याचे वेड फोफावले ते अशाच जत्रांतून.

आता मुद्द्याकडे वळू. गाडी खाली आणायची कशाला? दिसण्याचा भाग सोडला, तरी कारण खोटे नाही. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. गुरुत्वमध्य जितका खाली, तितके हे वजन कमी सरकते आणि चारही टायर आपापले काम नीट करतात. म्हणून मूळच्यापेक्षा आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा घालतात. तीस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटे एवढी उंची कमी केली, तर गाडी वळणावर चांगलीच आज्ञाधारक होते.

पण हव्यास इथे थांबत नाही. दोन बोटांची चार बोटे होतात, आणि मग उलटेच घडते. या गाडीच्या पुढच्या चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ पद्धतीचे सस्पेन्शन आहे. त्यात खालचा आर्म साधारण आडवा असावा लागतो. गाडी फार खाली आली, की त्याचे चाकाकडचे टोक वर उचलले जाते. ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचे अंग कलते, तो बिंदू त्यामुळे गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली घसरतो. दोहोंमधले अंतर वाढते. तरफेचा दांडा लांब केल्यासारखेच ते. परिणाम? गाडी खाली बसली, तरी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू पाहते! मग ती आवरायला आणखी कडक स्प्रिंग, आणि बसणाऱ्यांच्या कमरेचे हाल. शिवाय खड्ड्यात चाक वर गेले, की स्टिअरिंग न फिरवताही गाडी थोडी वळते. चाके आतल्या बाजूला झुकल्याने टायर एकाच कडेला झिजतात. शॉकॲब्सॉर्बरचा प्रवास संपून तो रबरी ठोकळ्यावर आदळतो. काही मोटारींत मागच्या आसाला जोडलेली ब्रेकची झडप असते. गाडी खाली आली, की तिला वाटते मागे ओझे भरले आहे, आणि ती मागच्या ब्रेकला नको तितका दाब देते. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला, तर मागची चाके आधी घसरतील. हे मात्र चेष्टेवारी नेण्यासारखे नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे पैसे वाचवायला जुनीच स्प्रिंग कापणे. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती सुमारे वीस टक्के कडक होते. कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो, हा साधा हिशेब. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक अधांतरी लोंबले, की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणारे महाभागही आहेत. त्यात पोलादाचे पाणीच उतरते.

१९८४ साली आलेल्या प्यूजो २०५ जीटीआयची तऱ्हा वेगळी. मागच्या बाजूला वेटोळी स्प्रिंगच नाही. पोलादाचे आडवे दांडे पिळाने स्प्रिंगचे काम करतात. उंची कमी करायची, तर दांडा बाहेर काढून त्याचे दाते वेगळ्या खाचेत बसवायचे. वर्षानुवर्षांच्या गंजाने तो जागचा हलत नाही, आणि हलला तर आतली बेअरिंगे झिजलेली निघतात. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

जाणकार माणूस आधी स्प्रिंग विकत घेतच नाही. जुन्या गाडीचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर तो नवे घालतो. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी तरणी होते. त्यावर स्प्रिंगा बदलायच्याच, तर कडकपणाला जुळणारे शॉकॲब्सॉर्बर हवेत. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर जीव घेऊ शकते, म्हणून ती दाबण्याचे खास हत्यार हवे. आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. चारही चाके जमिनीवर टेकवून, नव्या उंचीवरच शेवटचा आवळ द्यायचा. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर चाकांचे अलाइनमेंट करायचे आणि दिव्यांचा झोतही पाहून घ्यायचा.

जर्मनीत कायदा कडक आहे. स्प्रिंगला प्रमाणपत्र नसेल आणि बदल रीतसर तपासला गेला नसेल, तर गाडीची रस्त्यावर चालवण्याची परवानगीच रद्द होऊ शकते. शिवाय आता मूळ रूपातल्या जीटीआयला मागणी आहे. काढलेल्या कंपनीच्या स्प्रिंगा तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवणारा मालक शहाणा म्हणायचा.

आपल्याकडे ती पहिली जीटीआय विकली गेली नाही, पण तिचे वेड आले. मारुती ८०० आणि झेन यांनाही पुढे तोच मॅकफर्सन स्ट्रट, त्यामुळे वर सांगितलेले दोष त्यांनाही जसेच्या तसे लागू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. तेव्हा मेकॅनिककडे जाण्याआधी आरटीओत विचारलेले बरे. दुसरी अडचण रस्त्याचीच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीतला तसा आहे का, ते ज्याचे त्याने पाहावे! चिरंजीव गाडी खाली बसवायचा हट्टच धरून बसले असतील, तर मागच्या सीटवर घरातली तीन मोठी माणसे बसवा, डिकीत सामान भरा, आणि मग गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंत टेप लावून मोजायला त्यांनाच सांगा.