शिंगाळ्याचा काटा : बोटाची हयगय नको

जाळ्यातून मासळी सोडवताना शिंगाळ्याचा काटा बोटात जाणे मालवण किनाऱ्यावर नित्याचेच. माझ्या दवाखान्यात असे रुग्ण बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बोट टरारून सुजल्यावर येतात. हा काटा विषारी व करवतीसारखा दातेरी असतो. बोटातील अंगठी लगेच काढावी, जखम स्वच्छ धुवावी. सोसेल इतक्याच गरम पाण्यात (४५ अंशांपर्यंत) बोट अर्धा ते दीड तास ठेवावे. वेदना कमी होतात. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावे. जखमेत चुना, तंबाखू भरू नये. डॉक्टरांकडून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. तुकडा आत राहिल्याची शंका असल्यास एक्स-रे काढावा. बोट सुजून वाकलेले राहिले व सरळ करताना कळ आली, तर त्याच दिवशी सर्जनला गाठावे. उशीर झाल्यास बोट कायमचे आखडते, आणि आखडलेल्या बोटाने जाळे ओढता येत नाही.