गंगावेशीचा दूध कट्टा

संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत वाहनांची गर्दी असते. त्याच गर्दीत रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती गिऱ्हाईकं. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या हातात डबा. कुणी नुसताच आलेला, उभ्या उभ्या पेलाभर पिऊन जाणारा. इथं विकायला एकच वस्तू आहे : दूध. तेही तुमच्यासमोर काढलेलं.

गवळी कास धुतो, सड हलके चोळतो आणि थांबतो. म्हैस पान्हा सोडेपर्यंत घाई करून उपयोग नसतो. मग पहिली धार चरवीच्या तळावर ताडताड वाजते. दूध चढत जाईल तसा आवाज जाड होतो आणि पुढं फेसातच मुरतो. "फेस बसू द्या की जरा," असं म्हणणारं गिऱ्हाईक इथं हमखास भेटतं, कारण फेसानं माप भरल्यासारखं दिसतं. गवळीही न रागावता वर थोडं ओततो. पेला हातात येतो तेव्हा दूध कोमट असतं, म्हशीच्या अंगाइतकंच. त्याला आपल्याकडं धारोष्ण म्हणतात.

या कट्ट्याचं मोठेपण सांगताना लोक तालमीपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. गंगावेश तालीम याच भागात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. पैलवानांना ताजं, निर्भेळ दूध मिळावं म्हणून म्हशी तालमींपर्यंत नेऊन तिथंच धारा काढण्याची चाल पडली, असं सांगतात. पण माझ्या मते या प्रथेचं निम्मं श्रेय म्हशीला द्यायला हवं.

कारण भर रस्त्यात दूध देणं हे म्हशीच्या स्वभावातलं नाही. अनोळखी माणूस दिसला, जागा बदलली, रेडकू जवळ नसलं की पुष्कळ म्हशी दूध चोरतात. भीतीनं पान्ह्याची क्रियाच अडते. शिवाय म्हशीच्या सडाचं तोंड गाईपेक्षा घट्ट, त्यामुळं धार काढायला जोरही जास्त लागतो. पंढरपुरी जात या बुजरेपणाला अपवाद. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. अंगानं आटोपशीर, तोंड लांबट आणि शिंगं मागं वळून खांद्याच्याही पलीकडं गेलेली, तलवारीसारखी. एका वेताचं दूध मोजलं तर मुऱ्हा जातीची म्हैस तिच्या पुढं जाईल. पण गोंगाटात, परक्या माणसांत, दिवसातून अनेकदा थोडं थोडं दूध द्यावं तर पंढरपुरीनंच. गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच गुणाच्या म्हशी राखल्या. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा घालून या म्हशींची मिरवणूक निघते, मालकामागं त्या धावतात, त्यातही तीच सवय आणि तोच विश्वास दिसतो.

एकाच वस्तूला वाहिलेली दुकानं जगात आहेत. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात लव्हेंडरचं तेल, साबण आणि मध विकणारी दुकानं आहेत. तिथं फुलाचा अर्क भट्टीतून निघून बाटलीत जातो, मग गिऱ्हाईकापर्यंत पोचतो. कट्ट्यावर कास आणि पेला यांच्यामध्ये एक हातभर अंतर असतं. भेसळीच्या काळात निर्भेळपणाचा एवढा मोठा दाखला दुसरा कुठला? गोकुळसारखा दूध संघ 1963 पासून याच जिल्ह्यात आहे, घरोघरी पिशव्या पोचतात, तरी लोक कट्ट्यावर येतात ते यासाठी.

एक गोष्ट मात्र आपुलकीनंच सांगायला हवी. डोळ्यांसमोर काढलेलं दूध निर्भेळ असतं. ते निर्जंतुक असतंच असं नाही. क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे रोग कच्च्या दुधातून माणसाकडं येतात, आणि ते म्हशीकडं नुसतं बघून ओळखता येत नाहीत. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी दूध घरी नेऊन उकळावं हेच बरं. कट्ट्यावरच्या प्रत्येक म्हशीची ठरावीक काळानं तपासणी व्हावी, तिथं पाण्याचा नळ, सावली आणि वाहनांपासून मोकळी जागा असावी. शहरात गोठ्याला जागा आणि वैरण दोन्ही महाग झाली आहेत. गवळ्याच्या पोरानं हा धंदा पुढं चालवावा असं वाटत असेल तर एवढं तर करायलाच हवं.