काचेपलीकडची आई

कॅलिफोर्नियातील माँटेरे या गावी एके काळी तारली मासे डबाबंद करण्याचे कारखाने समुद्रालगत ओळीने उभे होते. मासेमारीला धरबंध राहिला नाही, तारली दिसेनाशी झाली आणि कारखाने एकेक करून बंद पडले. त्यांतील अखेरचा १९७३ साली थांबला. त्याच जागेवर १९८४ साली माँटेरे बे ॲक्वेरियम उभे राहिले.

आत शिरताच २८ फूट उंचीच्या काचेआड केल्प या सागरी शैवालाचे हिरवे-तपकिरी अरण्य डोलताना दिसते. त्यासाठी पाणी थेट उपसागरातून येते. प्रेक्षकांना स्वच्छ दिसावे म्हणून दिवसा ते गाळून घेतात. रात्री मात्र न गाळताच सोडतात, म्हणजे त्यातील सूक्ष्म जीव आतील जलचरांना मिळतात.

सर्वाधिक गर्दी होते ती समुद्री पाणमांजरांच्या दालनापाशी. दाट, मऊ फरसाठी या प्राण्याची इतकी शिकार झाली, की कॅलिफोर्नियातून तो नामशेष झाला असेच मानले जाई. १९३८ साली एका निर्जन किनाऱ्यालगत सुमारे पन्नास पाणमांजरे आढळली. आज त्यांचीच संतती तीन हजारांच्या आसपास आहे. केल्प फस्त करणाऱ्या काटेरी अर्चिनांना पाणमांजर खाते. त्यामुळे ते टिकले तर सागरी अरण्यही टिकते.

काचेआड बागडणारी ही पाणमांजरे समुद्रात परतू न शकणारी आहेत. २००१ साली येथील टूला या आजारी मादीचे पिल्लू मृत जन्मले. त्याच सुमारास किनाऱ्यावर एक पोरके पिल्लू सापडले. ते तिच्यापाशी सोडताच तिने त्याला पोटाशी धरले. तेव्हापासून येथील माद्या अनाथ पिल्लांच्या पालक आई होऊ लागल्या. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून सेवक काळा अंगरखा आणि मुखवटा घालूनच त्यांच्याजवळ जातात. हे संगोपन प्रेक्षकांच्या दृष्टीआड चालते. शिंपले फोडणे, बुडी मारणे, फर निगुतीने राखणे हे सारे पालक आईच शिकवते आणि मग पिल्लू समुद्रात सोडले जाते. जवळच्या एल्कहॉर्न स्लू खाडीत २००२ ते २०१६ या काळात पाणमांजरांच्या संख्येत पडलेल्या भरीपैकी निम्म्याहून अधिक वाटा अशा पिल्लांचा व त्यांच्या संततीचा असल्याचे २०१९ च्या अभ्यासात दिसून आले.

बाहेरच्या सज्जातून उपसागर न्याहाळताना कधी एखादे पाणमांजर केल्पमध्ये पहुडलेले दिसते. ते कोणी वाढवले, हे आपल्याला ओळखता येत नाही. संगोपनाचे खरे यशही त्यातच आहे.