14 फेब्रुवारीला कोणालाही फाशी झाली नव्हती

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की तो मेसेज येतोच. 14 फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले आणि आजची पोरं मात्र गुलाबं वाटत फिरताहेत, असा त्याचा सूर. चूक दाखवली की दुसरी आवृत्ती येते: बरं, फाशी नसेल, पण शिक्षा तरी त्याच दिवशी सुनावली ना? नाही. तीही नाही.

तारखा नीट पाहू. या तिघांवरच्या लाहोर कटाच्या खटल्यासाठी व्हाइसरॉय आयर्विनने 1 मे 1930 रोजी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ नेमले. हायकोर्टात अपील करण्याची वाटच बंद केली. या न्यायमंडळाने 7 ऑक्टोबर 1930 रोजी तिघांना फाशी सुनावली. प्रिव्ही कौन्सिलने फेब्रुवारी 1931 मध्ये दाद नाकारली. पंडित मदनमोहन मालवीय यांनी व्हाइसरॉयकडे दयेचा अर्ज केला तो 14 फेब्रुवारीला. या तारखेचा संबंध असलाच तर एवढाच, आणि तोही फाशी टाळण्याच्या खटपटीचा! फाशी 24 मार्चला सकाळी ठरली होती. सरकारने ती आदल्या दिवशी, 23 मार्च 1931 च्या संध्याकाळी, लाहोर मध्यवर्ती तुरुंगात उरकली आणि रात्रीच मृतदेह फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी नेऊन जाळले. देशभर त्यांचा शहीद दिन 23 मार्चलाच पाळतात. शाळेतल्या मुलालाही हे ठाऊक असते.

व्हॅलेंटाइन डे आवडत नसेल तर तसे सरळ म्हणा. त्यासाठी हुतात्म्यांच्या मरणाची तारीख कशाला बदलता?

आता इतर काही समज.

दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकल्याबद्दल फाशी झाली: त्या खटल्यात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांना जन्मठेप झाली होती. फाशी झाली ती ब्रिटिश पोलीस अधिकारी सॉंडर्सच्या वधाबद्दल.

राजगुरूही असेंब्लीत होते: नव्हते. पुणे जिल्ह्यातल्या खेडचे, म्हणजे आजच्या राजगुरुनगरचे, शिवराम राजगुरू सॉंडर्सच्या वधाच्या दिवशी, 17 डिसेंबर 1928 रोजी, लाहोरला होते. सॉंडर्सवर पहिली गोळी त्यांनी झाडली.

ज्यांच्या मृत्यूचा सूड म्हणून सॉंडर्सचा वध झाला ते लाला लजपतराय पोलिसांच्या लाठीमारात जागीच गेले: लाठीमार 30 ऑक्टोबर 1928 चा, मृत्यू 17 नोव्हेंबरचा.

भगतसिंगांनी माफी मागितली: तिघांनी मिळून पंजाबच्या गव्हर्नरला पत्र लिहिले. आम्ही युद्धकैदी आहोत, फाशी न देता गोळ्या घाला, अशी त्यातली मागणी होती.

गांधीजींनी अवाक्षर काढले नाही: आयर्विनशी बोलताना त्यांनी हा विषय काढला होता आणि 23 मार्चला फाशी थांबवण्याची विनंती करणारे पत्रही लिहिले. ते पुरेसे होते का, यावर जरूर वाद घाला. पत्र मात्र त्यांच्या संकलित वाङ्मयात छापलेले आहे.

येत्या फेब्रुवारीत तो मेसेज आला तर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला 23 मार्च ही तारीख कळवा.