काचेवरचा कागद : हरवलेला कागद पुन्हा कसा करावा, आणि खोटा कसा ओळखावा

आज आपण अमेरिकेतल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या काचेवर चिकटवलेल्या एका कागदाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, चारठाण्यात बसून आपल्याला त्या मोटारीचं काय करायचं? पण हरवलेला कागद पुन्हा कसा तयार करायचा आणि दुसऱ्याने तयार केलेला कागद खरा की खोटा हे कसं ओळखायचं, ही दोन्ही कामं त्या मोटारीच्या निमित्ताने नीट समजतात. सेकंडहँड ट्रॅक्टर किंवा छोटा हत्ती घेताना, नाहीतर गटाची वही पावसात भिजली तर, आपल्याला हीच रीत लागते.

तो कागद कसला?

पूर्वी अमेरिकेत नवी मोटार घ्यायला गेलं की दुकानदार तोंडाला येईल ती किंमत सांगायचा. मूळ गाडी केवढ्याची, रेडिओचे किती, वाहतुकीचे किती, काहीच कळायचं नाही. १९५८ साली तिथल्या संसदेने यावर कायदा केला. ओक्लाहोमा राज्याचे खासदार माइक मोनरोनी यांनी तो पुढे रेटला, म्हणून त्या कागदाला आजही मोनरोनी स्टिकर म्हणतात.

या कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कंपनीने एक कागद लावायचा. त्यावर गाडीचा नंबर, मॉडेल, मूळ किंमत, जादा बसवलेल्या प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत, कारखान्यापासून दुकानापर्यंतचं भाडं आणि शेवटी एकूण बेरीज. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईपर्यंत तो कागद काढणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे.

आपले गट पापड-मसाले पाकिटात भरून विकतात तेव्हा पाकिटावर काय छापावं लागतं ते आठवा. मालाचं नाव, करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. आपल्याकडे हे २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी ठरलं आहे. हेतू दोन्हीकडे एकच : घेणाऱ्याला किमतीआधी खरी माहिती मिळावी. फरक एवढाच, की अमेरिकेतली काचेवरची किंमत ही कंपनीने सुचवलेली असते. आपली एमआरपी ही कमाल असते, तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही.

तो पुन्हा का करतात?

नवी गाडी घरी आली की लोक तो कागद खरवडून टाकायचे. पन्नास वर्षांनी तीच गाडी हौशी लोकांच्या संग्रहातली झाली. मग प्रश्न उभा राहिला, की ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा नेमकी कशी होती? दिसायला सारख्या दोन गाड्या असतात. एकीत मोठं इंजिन कारखान्यातच बसवलेलं, दुसरीत कुणीतरी नंतर बसवलेलं. पहिलीला पैसा जास्त मिळतो. हे सांगणारा काचेवरचा कागदच नाही, म्हणून तो पुन्हा तयार करण्याचं काम सुरू झालं.

नीट काम करणारे लोक ते असं करतात. आधी गाडीवर ठोकलेला नंबर वाचतात. मग कारखान्याच्या नोंदी शोधतात. शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीत कित्येकदा पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यातला एक कागद चिकटलेला सापडतो. गाडी जोडणाऱ्या कामगारांना कोणते भाग बसवायचे हे सांगणारी ती यादी असते. इंग्लंडमधल्या एमजीसारख्या जुन्या गाड्यांसाठी तिथलं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या वह्या बघून दाखला देतं. यादी हाती आली की त्या वर्षाचं कंपनीचं दरपत्रक काढायचं, प्रत्येक वस्तूपुढे त्या वेळची किंमत लिहायची आणि बेरीज जुळवायची. त्या काळचा कागद, अक्षरांचं वळण, ओळींची मांडणी हे सगळं शेवटी. आणि कागदावर लिहायचं, की ही नंतर तयार केलेली प्रत आहे.

बेइमानी करणारा उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी किंमत ठरवतो, मग ती किंमत मिळेल असा कागद छापतो. गाडीत नसलेल्या वस्तू यादीत घालतो. नव्या कागदावर चहाचं पाणी लावून तो जुना दिसेल असं करतो आणि "मूळ कागद" म्हणून पुढे ठेवतो.

खोटा कागद तारखेने पकडला जातो

कॉर्व्हेट गाडी १९५३ साली पहिल्यांदा आली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. आता कुणी १९५३ च्या गाडीचा "मूळ मोनरोनी कागद" दाखवला तर? कायदाच १९५८ चा. म्हणजे कागद खोटा. पुढे १९७० च्या दशकात गाडीच्या मायलेजचे सरकारी आकडे कागदावर येऊ लागले. १९६५ च्या कागदावर तसे आकडे दिसले तर तोही खोटा.

ही युक्ती आपल्याकडेही चालते. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० साली आलं. १९९८ च्या छापील पावतीवर ते दिसलं तर पावती नंतर छापलेली आहे. पत्त्यातला सहा आकडी पिनकोड १९७२ पासून आहे. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे, त्याआधीच्या बिलावर जीएसटी नंबर असू शकत नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी आपल्या परभणीतून वेगळा झाला. १९९५ च्या कागदावर "जिल्हा हिंगोली" छापलं असेल तर थांबायचं. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. तेव्हा १९५४ च्या कागदावर "महाराष्ट्र राज्य" असा शिक्का असेल तर तो कागद त्या सालचा नाही.

अशी एखादी खूण सापडली म्हणजे लगेच कुणाला चोर म्हणायचं नाही. तो कागद नंतर काढलेली नक्कलही असू शकतो. मग त्यावर नक्कल असं लिहिलेलं आहे का, ती कुणी दिली आणि कधी दिली, हे विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर व्यवहार पुढे न्यायचा नाही.

आपल्या गाडीचे कागद

आपल्याकडेही जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जिची चेसिस, बॉडी आणि इंजिन बदललेलं नाही, ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. म्हणजे गाडी मूळ रूपात आहे की नाही हा प्रश्न आपल्या कायद्यातही आहे.

पण आपल्या गावात जास्त महत्त्वाची ती दहा-बारा वर्षांची सेकंडहँड गाडी. गटाचं कर्ज काढून मालवाहू टेम्पो घ्यायचा ठरतो. विकणारा म्हणतो, "ताई, पेपर सगळे क्लिअर आहेत." आणि झेरॉक्स दाखवतो. आपण काय बघायचं?

पहिलं, चेसिस नंबर. आजच्या गाड्यांचा हा नंबर १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. ओ वाटलं तर ते शून्य समजायचं. गाडीवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, छाप उमटते. ती छाप आरसी बुकाशी एकेक आकडा करून जुळवायची. इंजिन नंबरही तसाच. नंबराच्या जागी घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर गाडी सोडून द्यायची.

दुसरं, सरकारी नोंद. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, फिटनेस, इन्शुरन्स यांची माहिती दिसते. हातातल्या कागदापेक्षा ही नोंद मोठी, कारण कागद कुणीही छापू शकतो. आपल्या परभणीच्या गाड्या एमएच २२ च्या. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथलं ना-हरकत पत्र लागेल का हे आधी विचारून घ्या.

तिसरं, बोजा. गाडीवर बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल तर आरसीवर तशी नोंद असते. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. फायनान्सवाल्याचं पत्र आणि नमुना ३५ देऊन आरटीओतून ती नोंद उतरवावी लागते. त्यानंतर नमुना २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करायची. नाव लागेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

चौथं, मूळ आरसी हरवलं आहे असं म्हणाले तर घाबरू नका. हरवल्याची खबर पोलिसांत द्यायची, नमुना २६ भरून आरटीओकडे अर्ज करायचा, दुय्यम प्रत मिळते. नियमाप्रमाणे तिच्यावर "डुप्लिकेट" असं नोंदवतात. या शब्दाने तिचं मोल कमी होत नाही. उलट तो शब्द आहे म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

पाचवं, आपल्याकडचा काचेवरचा कागद. नव्या नंबरप्लेटसोबत चारचाकीच्या समोरच्या काचेला आतून एक चकचकीत स्टिकर लावतात. त्यावर गाडीचा नंबर आणि इंजिन-चेसिसचे नंबर असतात. पेट्रोल-सीएनजीच्या गाडीला फिकट निळा आणि डिझेलला केशरी रंग असतो. सोलायला गेलं की तो फाटतो, म्हणजे एका गाडीचा काढून दुसरीला लावता येत नाही. काच फुटली तर तो बाजारात छापून लावायचा नाही. अधिकृत केंद्रातूनच नवा घ्यायचा.

गटाची वही

आता सगळ्यांत जवळचं. गटाची हिशोबाची वही भिजली, उंदराने कुरतडली, नाहीतर हरवली तर? काहीजणी एका रात्रीत नवी वही आठवणीने लिहून काढतात. जुन्या तारखा टाकतात, सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने होतात. पैसा खाल्लेला नसतो, पण वही खोटी होते. पुढे बँकेत किंवा तपासणीत एक आकडा जुळला नाही की सगळ्याच गटाकडे संशयाने बघतात.

त्यापेक्षा जुन्या मोटारीवाल्यांची रीत धरा. आधी जिथे नोंद आहे तिथून आकडे गोळा करा. बँकेचं पासबुक किंवा खाते उतारा, प्रत्येक सभासदाचं बचत पुस्तक, कर्जाच्या पावत्या, ग्रामसंघाकडे दिलेले मासिक अहवाल. त्यावरून महिन्यामागून महिना लिहा आणि बँकेतल्या शिलकीशी बेरीज जुळवा. ज्या महिन्याचा पुरावा नाही तिथे अंदाजाने आकडा भरू नका. "नोंद उपलब्ध नाही" असं लिहा. पहिल्या पानावर ठळक लिहा, की मूळ वही अमुक कारणाने खराब झाली, ही वही अमुक तारखेला कागदपत्रांवरून पुन्हा लिहिली. बैठकीत वाचून दाखवा, ठराव करा, त्याच दिवसाच्या तारखेने सगळ्यांच्या सह्या घ्या. भिजलेल्या वहीची पानं वाळवून पिशवीत जपून ठेवा, फेकू नका.

पुन्हा केलेली वस्तू पुन्हा केली म्हणून सांगण्यात कमीपणा नाही. आपल्या चारठाण्याची जुनी दगडी मंदिरं, बारव आणि नक्षीचा उंच स्तंभ आपण रोज बघतो. अशा वास्तूंच्या दुरुस्तीसाठी १९६४ साली व्हेनिस शहरात जगातल्या जाणकारांनी नियम ठरवले. पडलेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवला तर तो एकूण वास्तूत शोभला पाहिजे, पण जवळून बघणाऱ्याला जुना कोणता आणि नवा कोणता हे ओळखू आलं पाहिजे. आणि जिथून अंदाज सुरू होतो तिथे काम थांबवायचं.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा आणि ते तीन वेगवेगळ्या सभासदांच्या फोनमध्ये ठेवा. घरात गाडी असेल तर आरसी, इन्शुरन्स आणि चेसिस नंबराचाही फोटो घ्या. पुढे कागद हरवला, तर तो पुन्हा करायला आधार आपल्याच हातात राहील.