पगारपत्रकांतील दोनशें रुपये

महाराष्ट्रांतील नोकरदाराच्या पगारपत्रकांत ‘व्यवसायकर’ म्हणून दरमहा बहुधा दोनशें रुपयांची वजावट दिसते. कोल्हापुरांतील एखाद्या एकत्र कुटुंबांत कमावते भाऊ तीन असले, तर तिघांच्याहि वेतनांतून ही रक्कम जाते. परंतु ती मुळांत कोणत्या कामासाठीं बसविली गेली, हें घरांत क्वचितच कोणी विचारतें.

याचें उत्तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यांत सांपडतें. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें 1965 सालीं, मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग झाला. 1972-73 च्या भीषण दुष्काळांत लक्षावधि लोक खडी फोडावयास गेले, तेव्हां या कल्पनेची निकड सर्वांस पटली. 1975 मध्यें मिळवत्या लोकांवर व्यवसायकर बसला, व त्याच्या उत्पन्नाइतकीच भर सरकारनें घालावयाची असें ठरलें. रोजगार हमीचा कायदा 1977 सालीं संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलांत आला.

दुष्काळांत कामें काढणें कोल्हापुरास नवें नव्हतें. 1896-97 च्या दुष्काळांत शाहू छत्रपतींनीं तीं काढलीं होतीं, व स्वस्त धान्याचीं दुकानेंहि उघडलीं होतीं. परंतु ती सहृदय राजाची कृपा होती. कायद्यानें तिचा हक्क केला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता, स्त्रीपुरुषांस सारखा दर, कामावर पाणी, सावली व तान्ह्या मुलांची सोय, हें सारें त्यांत आलें. 2005 सालीं केंद्र सरकारनें हेंच तत्त्व स्वीकारून ग्रामीण कुटुंबांस वर्षाला 100 दिवसांची हमी दिली.

मग आपल्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींचें काय? त्यांच्यासाठीं 2024 सालीं राज्यांत मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना निघाली. 18 ते 35 वर्षांच्या तरुणांनीं कचेऱ्यांत वा कारखान्यांत सहा महिने काम शिकावें, आणि बारावी झालेल्यास 6,000, आय.टी.आय. किंवा पदविका असलेल्यास 8,000 व पदवीधरास 10,000 रुपये दरमहा विद्यावेतन मिळावें, अशी ती योजना. 2025 मध्यें मुदत 11 महिन्यांची झाली. ती संपत आली तसा जुनाच प्रश्न पुन्हां दारांत उभा राहिला, व प्रशिक्षणार्थींनीं कायम नोकरीची मागणी केली. खडी फोडणाऱ्याच्या पाठीशीं कायदा होता. या तरुणांच्या पाठीशीं केवळ योजना होती.

तरीहि अशा उमेदवारीस जाणाऱ्या मुलास ‘ही काय नोकरी?’ असें म्हणून घरांतल्या वडील मंडळींनीं हिणवूं नये. शिरोली व गोकुळ शिरगांव येथील ओतकामाच्या कारखान्यांत हातास लागलेलें कसब मुदतीबरोबर संपत नाहीं. आणि पुढच्या महिन्याचें पगारपत्रक घरीं येईल तेव्हां मुलांना ती वजावट दाखवून तिचा इतिहास सांगावा. मजुरास मिळालेला हक्क पदवीधरास कां नसावा, असें त्यांनीं विचारल्यास तो प्रश्न उद्धटपणाचा समजूं नये.