एका रकान्यातले दोघे

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीला चिकटून, इंपीरियल व्हॅली नावाचं खोरं आहे. मुळात ते वाळवंटच. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं आणलं आणि तिथे कापूस, खरबुजं, लेट्यूस पिकू लागलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या सरकारी कचेरीत लग्नाचा परवाना मागायला काही वेगळीच जोडपी येऊ लागली. नवरा पंजाबी, बायको मेक्सिकन. वेगवेगळ्या वर्णांच्या लग्नाला तेव्हा कायद्यानं मनाई होती. कारकून दोघांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि वर्णाच्या रकान्यात दोघांपुढेही एकच शब्द लिहायचा, ‘तपकिरी’. काम झालं.

कॅरन लेनर्ड या अभ्यासक बाईंनी कॅलिफोर्नियातली अशी तीनशेच्या वर लग्नं नोंदींतून शोधून काढली आहेत. मुलांची नावं स्पॅनिश आणि आडनाव सिंग. दोघंही शेतमजूर, दोघंही उपरे आणि मजुरीच्या दरात फारसा फरक नाही.

आता शंभर वर्षं पुढे या. आज अमेरिकेत भारतीय घरांना उत्पन्नाच्या उतरंडीनं एका ओळीत उभं केलं, तर बरोबर मधल्या घराची वर्षाची मिळकत दीड लाख डॉलरच्या पुढे जाते. आपल्या हिशेबात सव्वा कोट रुपये. मेक्सिकोत जन्मलेल्यांच्या घरांची अशीच ओळ केली, तर मधलं घर साठ-पासष्ट हजार डॉलरवर उभं दिसतं. सगळ्या अमेरिकेचं मधलं घर ऐंशी हजारांच्या आसपास आहे. म्हणजे एका रकान्यात बसलेल्या दोघांपैकी एक देशाच्या मधल्या घराच्या जवळपास दुप्पट वर आणि दुसरा त्याच्या खाली. (सव्वा कोट ऐकून कोणी लगेच उसासा टाकू नये. न्यू जर्सीत एका तान्ह्या मुलाला पाळणाघरात ठेवायला महिन्याला दोन हजार डॉलर सहज लागतात.)

हा आकडा आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत फार आवडीनं वाढला जातो. श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत कोणीतरी काका म्हणतातच, “आपली माणसं मुळात हुशार आणि कष्टाळू, दुसरं काय!” काकांना उलट बोलायची पद्धत नाही म्हणून आपण गप्प बसतो. पण कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात दिवसभर कमरेत वाकून फळं खुडणाऱ्या मेक्सिकन बाईसमोर ‘कष्टाळू’ हा शब्द उच्चारायची हिंमत काकांनी करून दाखवावी.

आणि गंमत अशी की या दोन माणसांऐवजी त्यांच्या देशांची तुलना केली, की चित्र सरळ उलटं होतं. मेक्सिकोचं दरडोई उत्पन्न वर्षाला तेरा-चौदा हजार डॉलर, भारताचं अडीच-पावणेतीन हजार. मेक्सिको आपल्या पाचपट श्रीमंत. शिक्षणातही तेच. मेक्सिकोत पंचविशी ते साठी-पासष्टीच्या माणसांत पाचातल्या एकानं उच्च शिक्षण घेतलेलं असतं. भारतात पंचविशीपुढचे पदवीधर शंभरात दहा-पंधरा. आता हेच दोन देश अमेरिकेत पाहा. तिथल्या पंचविशीपुढच्या भारतीयांत शंभरातले सत्त्याहत्तर पदवीधर, आणि मेक्सिकोतून आलेल्यांत शंभराला दहासुद्धा नाहीत. गरीब, कमी शिकलेल्या देशातून निघालेली माणसं श्रीमंत आणि शिकलेली. त्याहून श्रीमंत, जास्त शिकलेल्या देशातून निघालेली माणसं गरीब आणि कमी शिकलेली. समुद्र ओलांडताना माणसाच्या मेंदूत काही फरक पडत नसणार. मग मधे कुठे काय झालं?

मधे चाळणी लागली. आणि त्या चाळणीचा इतिहास आकड्यांतच पाहायला हवा, कारण शब्दांत तो फार सौम्य वाटतो.

१९१७ च्या कायद्यानं अमेरिकेनं आशियातल्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना दार बंद केलं. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यातल्या कित्येकांचं काढून घेतलं गेलं. १९४० च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत भारतीय किती सापडले? २,४०५. विरारच्या सकाळच्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये जेवढी माणसं कोंबलेली असतात, त्याच्या निम्मीच. मेक्सिकन मात्र १९३० च्या गणतीतच १४ लाखांवर होते. त्यांचं भाग्यही काही फार बरं नव्हतं. मंदी आली तशी त्यांना आगगाड्यांत घालून सरहद्दीपलीकडे धाडलं. किती जणांना, याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, कायद्यानं अमेरिकनच असलेली पोरंही खूप होती.

याच काळात वर्ध्याचा एक माणूस या तिन्ही देशांना एका धाग्यात ओवत होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. अमेरिकेत शेतकीचं शिक्षण, गदर चळवळ, मग युद्धातली वणवण, आणि १९२४ पासून मेक्सिको. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते शिकवत, मक्याच्या नव्या जाती काढत, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवत. दिएगो रिवेरानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात भाकरी वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजेंवरून रंगवलेला. तेव्हा विदर्भाचा माणूस मेक्सिकोत जाऊन शेती शिकवत होता आणि पंजाबचा माणूस मेक्सिकन बायकोबरोबर कॅलिफोर्नियात खरबुजं तोडत होता. पुढच्या शंभर वर्षांत यांतला कोण वर जाईल यावर कोणी पैज लावली नसती.

१९४६ साली दार किंचित किलकिलं झालं. भारतीयांना वर्षाला शंभर जागा. शंभर! आज अमेरिकेत भारतात जन्मलेले २९ लाखांच्या आसपास लोक आहेत. त्या शंभराच्या गतीनं ते आले असते तर २९,००० वर्षं लागली असती. म्हणजे पहिली तुकडी निघाली असती तेव्हा शेवटचं हिमयुग अजून ऐन भरात यायचं होतं.

मग १९६५. ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. वंशावरून ठरणारे कोटे गेले. आशियाच्या बाजूला प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० पर्यंत जागा, आणि नातेवाइकांबरोबर शिकलेल्यांना, डॉक्टर-इंजिनिअरांना पसंती. शंभरावरून वीस हजार, एका सहीत दोनशे पट. आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून आणि आयआयटींतून नुकतीच बाहेर पडलेली पोरं त्या दारातून आत गेली. त्यांच्या शिक्षणाचा खर्च आपल्या करदात्यांनी आधीच चुकता केलेला होता.

हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्याचं दुसरं टोक मात्र फारसं कोणी पाहत नाही. १९६५ पर्यंत अमेरिका खंडातल्या देशांवर आकड्याची मर्यादाच नव्हती. शिवाय १९४२ पासून ‘ब्रासेरो’ नावाची मजूरभरतीची योजना होती. बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला चार लाखांच्या वर मेक्सिकन मजूर रीतसर कागद घेऊन शेतात येत आणि हंगाम संपला की परत जात. १९६४ अखेर ती योजना संपली. १९६५ च्या कायद्यानं अमेरिका खंडाला प्रथमच मर्यादा घातली, आणि १९७६ साली मेक्सिकोच्या वाट्याला आले तेच २०,०००. भारतासाठी वीस हजार हा शंभराचा दोनशे पट आकडा होता, आणि मेक्सिकोसाठी चार लाखांचा विसावा हिस्सा. शेतं तीच राहिली, पिकं तीच, मजूर लागायचे तेही तेवढेच. माणसं येतच राहिली. फक्त कालपर्यंत ज्याला मजूर म्हणत, त्याला आता ‘बेकायदा’ म्हणायला लागले. आणि ज्याच्या खिशात कागद नाही त्याला मालकापुढे मजुरी वाढवून मागता येत नाही. मधलं घर पासष्ट हजारांपाशी का अडकतं, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं भूगोलात. मेक्सिकोला अमेरिकेची सुमारे ३,१४५ किलोमीटर लांबीची सरहद्द आहे. तिथल्या गरिबाला निघायचं तर निघता येतं. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, मधे दोन महासागरांची खोली. इथल्या गरिबाला तो विचारही परवडत नाही. म्हणजे अमेरिकेची चाळणी लागायच्या आधीच आपली चाळणी लागलेली असते. कोणत्या घरात जन्म, कोणत्या जातीत, शाळा कोणती, क्लासची फी कोणाला झेपते. २०२४ साली जेईई मेनला चौदा लाखांवर मुलं बसली आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा पावणेअठरा हजारांच्या आत-बाहेर, ऐंशीत एक. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. वर्षाला ८५,००० जागा आणि २०२३ च्या वसंतात साडेसात लाखांवर अर्ज. मंजूर होणाऱ्यांत शंभरातले सत्तरहून जास्त भारतीय. प्रत्येक जण आयआयटीचाच असतो असं नाही, पण गाळणीतून गाळणी, त्यातून गाळणी हा प्रकार सगळ्यांनाच लागू. चक्रवर्ती, कपूर आणि सिंग या तीन अभ्यासकांनी ‘द अदर वन पर्सेंट’ या पुस्तकात हीच तिहेरी निवड सविस्तर मांडली आहे. कोणत्याही देशाची साय अशी तीनदा काढून वेगळ्या भांड्यात ओतली, तर त्या भांड्यातलं दूध घट्टच दिसणार.

आता पैसे घरी पाठवण्याकडे वळू, कारण तिथे मी स्वतः चकित झालो. २०२४ साली मेक्सिकोत बाहेरून आलेली रक्कम सुमारे ६,४७० कोटी डॉलर, आणि तिच्यातला जवळजवळ सगळा पैसा अमेरिकेतून. भारतात २०२३-२४ मध्ये जगभरातून ११,८७० कोटी डॉलर आले, पण रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्यातला अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के. म्हणजे ३,३०० कोटींच्या जवळ. निम्म्याहून कमी मिळकतीची माणसं दुप्पट पैसा पाठवताहेत!

आणि तो कसा जातो पाहा. मेक्सिकोत वर्षाला साडेसोळा कोटींच्या घरात व्यवहार, सरासरी रक्कम चारशे डॉलरला थोडी कमी. दर सेकंदाला पाच. हे वाक्य वाचून होईपर्यंत मिचोआकान, ग्वानाहुआतो, झाकातेकासमधल्या वीस-पंचवीस घरांत कोणाच्या तरी औषधाचे, सिमेंटच्या पोत्यांचे, शाळेच्या गणवेशाचे पैसे पोचलेले असतात.

पण थांबा, डोक्यामागे भागून पाहू. मेक्सिकोत जन्मलेले अमेरिकेत सुमारे १ कोटी १० लाख. माणशी साडेपाच-पावणेसहा हजार डॉलर पडतात. भारतीयांना भागलं तर माणशी अकरा हजारांच्या वर. हिशेब ढोबळ आहे, पण मिळकतीत सव्वादोन ते अडीच पटींचा फरक आणि पाठवण्यात दुपटीचा. पगारातला घरचा वाटा दोघंही जवळपास एकाच मापानं काढतात. इंपीरियल व्हॅलीतला कारकून अगदीच चुकला नव्हता म्हणायचं. (भारतात येणाऱ्या या पैशात सर्वात मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे, शंभरातले साडेवीस. पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या इमारतींमध्ये संध्याकाळी न लागणारे दिवे पाहिले की त्यातला थोडा भाग कुठे गेला ते कळतं.)

रांगेतही दोघं बरोबरच उभे आहेत. अमेरिकन नागरिकानं मेक्सिकोतल्या भावासाठी २००१ च्या सुमारास केलेल्या अर्जाचा नंबर २०२५ मध्ये लागत होता. नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग दहा लाखांच्या पुढे, आणि वर्षाला एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. नव्यानं अर्ज करणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षं थांबावं लागेल, असा हिशेब २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटनं मांडला. म्हणजे २१५७ साल. दीड लाख डॉलर मिळवणारं ते मधलं घर एच-वन-बीवर असेल, तर नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायच्या तयारीत राहतं.

आणि मधलं घर म्हणजे सगळी घरं नव्हेत. अमेरिकेतल्या सुमारे पन्नास लाख भारतीयांपैकी शंभरातले सहा दारिद्र्यरेषेखाली आहेत. तीन लाख माणसं. एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. कागद नसलेले भारतीय काही अंदाजांनुसार सात लाखांच्या आसपास, मध्य अमेरिकेतल्या देशांच्या पंगतीत बसणारा आकडा. आपल्या ‘यशस्वी समाजा’च्या गोष्टीत ही माणसं येत नाहीत. त्यांतले बरेच जण दलालाला चाळीस-पन्नास लाख रुपये मोजून, दक्षिण अमेरिकेतून पनामाचं जंगल तुडवत, मेक्सिकोतून चालत सरहद्दीवर पोचलेले. आपल्याकडे त्याला ‘डंकी’ म्हणतात.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं एक लष्करी मालवाहू विमान अमृतसरला उतरलं. आत परत पाठवलेले १०४ भारतीय, प्रवासभर बेड्यांत. हरियाणाचे ३३, गुजरातचे ३३, पंजाबचे ३०, उत्तर प्रदेशचे ३, चंदीगडचे २. आणि ३ महाराष्ट्राचे.